एक शटर, दोन कुलपं

४ मे

थंडीतल्या त्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी ही वही धरायला लावली. सकाळी नाडी किती, जिना चढून आल्यावर दम किती लागला, खोकला आला का, एवढंच लिहायचं. तीन महिने इमानेइतबारे लिहिलं. आता साथीमुळे सगळं बंद पडून सहा आठवडे झाले आणि नाडीशिवाय दुसरंही बरंच डोक्यात साचलंय, म्हणून आजपासून तेही लिहितो. डॉक्टरांनी वही मागितलीच तर पानं फाडून देईन.

नाडी ८८. जिना: मधल्या वळणावर एकदा थांबलो, पण ते खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बोलायला उभे होते म्हणून.

दुकान बंद आहे. खरं म्हणजे अर्धं दुकान माझं. वडिलांनी हयातीतच मध्ये प्लायवूडची भिंत घातली. डावीकडे माझे चष्मे, उजवीकडे ताईची घड्याळदुरुस्ती. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आणि घड्याळ उघडून बसली की तिला जगाचीही गरज नसते. शटर मात्र दोघांत एकच. त्याला दोन टोकांना दोन कुलपं: डावं माझं, उजवं तिचं, आणि ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे. सकाळी आधी कोण उघडणार यावरून आम्ही भांडायचो, म्हणून वडिलांनी ही युक्ती केली. दोघं मिळून उघडा, नाहीतर उघडूच नका. एकतीस वर्षं सकाळी साडेनऊला आम्ही एकदम वाकतो आणि एकदम उचलतो. अबोला असला तरीसुद्धा.

भिंतीत वीतभर खिडकी आहे. चष्म्याच्या आणि घड्याळाच्या स्क्रूंना हत्यारं एकाच जातीची लागतात, आणि माझी नेहमी हरवलेली असतात.

७ मे

रस्त्यावरच्या दुकानदारांची सभा झाली. जागा बेकरीच्या मागचं अंगण, खुर्च्या दोन-दोन हातांवर. पालिकेचं पत्र आलंय की तुम्ही सव्वीस दुकानदार आपसांत ठरवा. तयारी असेल तर अर्धा दिवस उघडा. अध्यक्ष चपलांचे दुकानदार. चिटणीस मी, त्यामुळे बोलायचं मी आणि लिहायचंही मीच.

सलूनवाला म्हणाला, सहा आठवडे त्याच्या हाताला फक्त स्वतःची दाढी मिळाली. सगळे हसले, तो हसला नाही. बेकरीवाल्याचं दुकान पहिल्यापासून चालू आहे, म्हणून अध्यक्षांनी त्याचा अनुभव विचारला. तो म्हणाला, भीती जात नाही, सवय होते.

वह्या-पुस्तकांच्या दुकानातल्या बाई विरोधात होत्या. त्यांची आई ब्याऐंशीची, घरात दोघीच. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी उघडलं आणि मी बंद ठेवलं तर गिऱ्हाईक जाईल. उघडलं तर आईची काळजी. मग मी ठरवायचं म्हणजे काय ठरवायचं?" मी पटकन उठून माझं भाषण सुरू केलं. दुकान बंद आहे म्हणून लोकांचे डोळे सुधारत नाहीत, दुखणं एकच नसतं, घाबरून किती दिवस बसणार, असं बरंच बोललो. टाळ्या पडल्या. मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं, सवय राहिली नाही बोलायची.

सोमवारी ११ तारखेला उघडायचं ठरलं. ताई शेवटच्या खुर्चीवर होती. तिने हात ना बाजूने वर केला, ना विरुद्ध.

९ मे

सोमवारी साडेनऊला ये, असं सांगायला ताईकडे गेलो. ती म्हणाली, येणार नाही. किल्लीही देणार नाही. दोन महिने थांब.

मी कारण विचारलं तर म्हणे भीती वाटते. हिला भीती! दुकानातून घड्याळ उचलून पळालेल्या माणसाला हिने चपलेनिशी चौकापर्यंत पळवला होता. मी हसलो. ती हसली नाही, उलट माझ्यापुढे पाणी ठेवून विचारू लागली की जिन्यात कितीदा थांबलास, रात्री उशा किती घेतोस. मी बोलत होतो तेव्हाही ती माझ्या बोलण्याकडे नाही, श्वासाकडे कान लावून होती, बिघडलेलं घड्याळ कानाशी धरते तशी. विषय बदलायची ही तिची जुनी खोड आहे.

खरं कारण मला माहीत आहे. वाटणीत दर्शनी काच माझ्याकडे आली आणि तिच्याकडे उजेड नसलेली बाजू. एकतीस वर्षांत ती याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात राहतं ते असं कधीतरी बाहेर पडतं.

११ मे

सगळा रस्ता उघडला. धूळ झटकल्याचा आणि शटरांचा आवाज ऐकून बरं वाटलं. पुस्तकवाल्या बाईंनीही उघडलं. तोंडावर दोन मास्क, दारात दोरी बांधलेली. आणि मी, ज्याने हे सगळं घडवून आणलं, तो स्वतःच्या बंद शटरपुढे हातात अर्ध्या दुकानाची किल्ली घेऊन उभा.

सलूनवाला कैची हातात घेऊनच बाहेर आला आणि म्हणाला, ठराव मांडणारेच गैरहजर. अध्यक्षांनी ताईला समजावतो म्हणून सांगितलं आणि अर्ध्या तासात फोन केला. म्हणाले, चिटणीस, तुमच्या बहिणीशी बोलण्यापेक्षा मी पालिकेशी बोलेन. इतिवृत्तात लिहिलं: सव्वीसपैकी पंचवीस जागी शटर वर. सव्वीसावं कुणाचं ते लिहिलं नाही.

नाडी ९६, पण आज ती रागाची.

१३ मे

माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात एक्केचाळीस चष्मे तयार पडलेत. काचा बसवून, पुसून, पाकिटात घालून. बंद झालं त्याच्या आदल्या आठवड्यातले. लोक फोन करतात. एक ट्रकवाला तडा गेलेल्या जुन्या चष्म्यावर गाडी चालवतोय. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत. त्या सकाळी शेजारच्या मुलीकडून वीस सुयांत दोरा ओवून घेतात आणि वीस सुया संपल्या की दिवस संपला. मला म्हणाल्या, तुमचं दुकान तेवढं अजून का बंद? काय सांगणार. आमच्याकडे किल्ल्या दोन आहेत, हे सांगण्यासारखं कारण आहे का?

मी चुकीचं बोललो नव्हतो त्या सभेत. हे मी परत परत तपासून पाहिलं.

१४ मे

ताई आली होती. वर आली नाही, जिन्याच्या वळणावर उभी राहून बोलली. "तुझी किल्ली मला दे. मी एकटी जाते, खणातले चष्मे काढते, घरोघरी पोचवते. तू फक्त पाकिटांवर पत्ते लिही."

मी नाही म्हटलं. ती गेल्यावर विचार केला, का नाही म्हटलं? खोटं कशाला लिहू. सगळ्या रस्त्यादेखत माझी बहीण माझे चष्मे वाटत फिरणार आणि मी घरात बसून पत्ते लिहिणार, हे मला सोसलं नसतं. शिवाय ती चष्म्यांसाठी उघडू शकते तर माझ्यासाठी का नाही? मग भीती गेली कुठे?

बायको मागे उभी होती. हळूच म्हणाली, "द्या की हो." मी तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली.

१६ मे

बायको गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही, अजून नाही सांगितलं. धीर होत नाही." मी विचारलं कोण होतं, तर म्हणाली तिची बहीण, गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय आणि नवऱ्याला सांगायचं राहिलंय. तिच्या माहेरी साध्या गोष्टीचा असा डोंगर करतात.

हॉस्पिटलातला माझा छातीचा फोटो शोधत होतो. पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचंय. बायको म्हणाली तो ताईच्या कपाटात आहे. तिथे कसा गेला, विचारलं तर डाळ करपली म्हणून पळाली. डाग होता, गेला, असं मला तेव्हाच सांगितलंय, त्यामुळे फोटोचं तसं काही अडलेलं नाही.

१८ मे

कुलूप तोडलं.

आमच्यापासून चौथं दुकान कुलुपवाल्याचं. त्याने पहिल्यांदा विचारलं, ताईंना सांगितलंत? मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही हो म्हटलं. तिसऱ्यांदा यंत्र हातात घेऊन, गुडघे टेकून, मान वर करून विचारलं आणि मी म्हटलं, अरे किती वेळा सांगू. ठिणग्या उडाल्या आणि पुरतं एक मिनिटही लागलं नाही. त्याने पैसे घेतले नाहीत. मी तोडलं असं कुणाला सांगू नका, एवढंच म्हणाला.

एकट्याने शटर उचलवेना. कुलुपवाल्याने दुसरं टोक धरलं. वर गेल्यावर मी खुर्चीत बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही. शटर आठ आठवडे हललेलं नव्हतं, जड झालं असणार. उजवीकडे नवीन कुलूप लावलं आणि त्याची किल्ली पाकिटात घालून ताईकडे पाठवून दिली. चिठ्ठीत काय लिहावं सुचलं नाही, म्हणून चिठ्ठी लिहिली नाही.

१९ मे

बरोबर साडेनऊला ताई आली. नवीन कुलपाकडे पाहिलं, खाली वाकली, मीही वाकलो, उचललं. मला वाटलं झालं, सुटलं. पण ती तिच्या बाजूला गेलीच नाही. तिचं उंच टेबल ओढत आणलं आणि माझ्याच दारात आडवं लावलं. भिंतीतल्या खिडकीवर प्लॅस्टिक चिकटवलं. मग मला म्हणाली की मी तिच्या बाजूला, भिंतीच्या आड बसायचं. काचा घासायच्या, बसवायच्या. गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं काम ती करणार.

माझ्या धंद्यात गिऱ्हाईकाच्या नाकाशी नाक नेल्याशिवाय काम होत नाही. तपासणीची फ्रेम त्याच्या डोळ्यांवर चढवायची, एकेक काच घालून विचारायचं, आता स्पष्ट की मघाशी? हे सगळं वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं होतं, त्यामुळे तुला जमणार नाही असंही म्हणता येईना. मी आवाज चढवला. भरल्या रस्त्यात नको ते बोललो. माझा धंदा बळकावायला आलीस, हेही बोललो.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू माझं कुलूप तोडलंस. मी एक शब्द बोलले नाही. आता तूही बोलू नकोस."

मी भिंतीआड जाऊन बसलो.

२२ मे

बसलोय ताईच्या जागी. तिच्या बाजूला खरंच उजेड नाही. इतकी वर्षं खिडकीतून स्क्रू ड्रायव्हर मागितले, पण इतका अंधार असेल असं वाटलं नव्हतं.

मी आतून ओरडून नंबर सांगतो, ती काच घालते. सगळ्या रस्त्याला कळतं कुणाची नजर किती अधू आहे. सलूनवाला परवा म्हणाला, तुमच्याकडे डोळे तपासतात की लिलाव करतात. गिऱ्हाइकांना मात्र ताई आवडते. बुबुळांमधलं अंतर ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक घेते. एका आजोबांनी तर सांगितलं, यापुढे ताईच बघू देत. मला राग आला आणि तो मी इथे लिहून ठेवतोय.

शिवणकामवाल्या बाई आल्या. चष्मा लावून त्यांनी पिशवीतून सुई काढली, दारातच दोरा ओवला, पहिल्या खेपेला. आणि ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. ताईने त्यांना बाजूला केलं नाही, पाठीवरून हात फिरवला. मी प्लॅस्टिकमधून बघत होतो, सगळं धूसर दिसत होतं. दुकान उघडायलाच हवं होतं, हे त्या घटकेला मला अगदी पटलेलं होतं. ते आता लिहितानाही खोटं वाटत नाही.

२९ मे

नाडी ८२. जिना: न थांबता. एक्केचाळीसपैकी अडतीस चष्मे गेले. माझ्याशी कुणी वाद घालायला उरलेलं नाही.

५ जून

ताईच्या हातून काच निसटली आणि फुटली. आजवर असं झालेलं नाही. थकले म्हणाली. लवकर घरी पाठवली. जाताना मला दोनदा बजावून गेली की उद्या ती नसली तर दारात बसायचं नाही, दुकान बंद ठेवायचं. मी बरं म्हटलं. भांडायला तिच्यात जोर नव्हता, मग मजा काय.

७ जून

ताईला ताप. तपासणी झाली, तेच निघालं.

९ जून

तिला हॉस्पिटलात नेलं. आम्हाला भेटू देत नाहीत. माझी आणि बायकोची तपासणी केली, दोघांना काही नाही. डॉक्टरांना माझंच आश्चर्य वाटलं. दुकानात कोण कुठे बसायचं, हे त्यांनी खोदखोदून विचारलं. मी टेबल, भिंत, प्लॅस्टिक, सगळं सांगितलं. म्हणाले, ही व्यवस्था कुणी केली? मी म्हटलं, ताईचं खूळ. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग पुढच्या पेशंटला बोलावलं. माझी छाती तशी पहिल्यापासून दणकट आहे, एवढं थंडीतलं सोडलं तर.

बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. जेवायला वाढते आणि आत जाऊन बसते.

१४ जून

ताईशी फोनवर दोन मिनिटं बोलणं झालं. तोंडावर प्राणवायूचं यंत्र आहे, मध्ये मध्ये काढून बोलते. तिने एवढंच विचारलं, "दुकान बंद आहे ना?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, मग ठीक.

आज चष्मे नेलेल्या सगळ्यांना फोन लावले. दोघांना ताप येऊन गेलाय. शिवणकामवाल्या बाई ठणठणीत आहेत. ट्रकवाला उचलत नाही. ताईला कुठून आलं हे कुणीच सांगू शकत नाही. बेकरीतून आलं असेल, भाजी आणताना आलं असेल. मी दिवसातून दहा वेळा हे मनाशी म्हणतो, आणि दहाव्या वेळीही ते पहिल्यासारखंच म्हणावं लागतं.

२ जुलै

पुन्हा सभा. पुन्हा बेकरीमागचं अंगण. रस्त्यावर आता सात घरांत आजार आहे आणि पालिका विचारते, चालू ठेवता की बंद करता?

पुस्तकवाल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांची आई गेल्या आठवड्यात गेली. अध्यक्ष त्यांच्याकडे बघून फार जपून बोलत होते, बंद ठेवायचं असेल तर आम्ही समजू शकतो वगैरे. त्या म्हणाल्या, "मला बंद नको. आता कशासाठी बंद ठेवू?"

त्यानंतर सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो. घरून काही ठरवून गेलो होतो, ते सगळं डोक्यातून गेलं. मी म्हटलं, मला आता दोन्ही बाजू कळतात. लोक वाट पाहत राहिले की हा पुढे बोलेल. मी खाली बसलो. टाळ्या कुठल्या, कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. शेवटी ठरलं की ज्याने त्याने आपापलं बघावं. इतिवृत्तात हेच वाक्य लिहिलं, आणि आपण नक्की काय ठरवलं हे मला लिहिल्यावरही कळलं नाही.

११ जुलै

ताई घरी आली. चोवीस किलोच्या पोरीसारखी दिसते. बायको तिच्याकडे राहायला गेलीय. मला दारातून बघू दिलं, आत येऊ दिलं नाही. ताईने हात हलवला. हात हलवून झाल्यावरही तो हलतच होता.

२७ जुलै

ताई आज दुकानात आली. तिनेच हट्ट धरला. शटर मी आणि कुलुपवाल्याने उचललं, तिला वाकू दिलं नाही. ती तिच्या जागी, मी तिच्या शेजारी स्टुलावर, भिंतीतली खिडकी उघडी टाकलेली. गिऱ्हाईक घ्यायचं नाही असं ठरलंच होतं. मार्चमध्ये कुणीतरी दिलेलं एक मनगटी घड्याळ तिने खणातून काढलं, मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं.

चिमटा स्क्रूपर्यंत नेता येईना. उजवा हात थरथरत होता. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही थरथरू लागले. तिने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी स्क्रू उडाला. मी खाली बसून फरशीवर तो शोधला आणि सापडल्यावरही थोडा वेळ खालीच राहिलो. मला वर तिच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. डॉक्टर म्हणतात काहींचं जातं, काहींचं राहतं.

वर येऊन मी विचारलंच. "ताई, मला एकदा सांग. किल्ली का नाही दिलीस?"

तिने भिंग काढून ठेवलं. "थंडीत तुझा फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मला आणि तुझ्या बायकोला बाहेर बोलावलं. म्हणाले, डावं फुप्फुस जवळजवळ कामातून गेलंय. छातीचं परत काही झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही."

मला ते शब्द ऐकू आले, पण ते माझ्याबद्दल आहेत हे कळायला वेळ लागला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मी तेव्हा पडदा हलला तरी दचकायचो. नर्सला म्हणायचो, दिवा मालवू नका. महिनाभर पाय खाटेखाली टाकत नव्हतो. "तुला सांगितलं असतं तर तू त्या खाटेवरून उठलाच नसतास, धाकट्या. वही धरलीस, जिना चढायला लागलास, सभेत भाषणं करायला लागलास. मग तर सांगवेचना."

मला राग आला. इतका की कान तापले. साठीला टेकलेल्या माणसाची छाती आणि ती त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक. बायकोला, बहिणीला, डॉक्टरांना. मी म्हटलं, "मला कळलं असतं तर मी कुलूप तोडलं नसतं."

बाहेर सलूनवाल्याचं कुणाशी तरी चाललं होतं, हसण्याचा आवाज येत होता.

मग म्हणाली, "हो. तेवढं चुकलं माझं."

एकतीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलेलं नाही. आणि ते तिने म्हणायचं नव्हतं. तीनदा विचारणाऱ्या कुलुपवाल्याशी मी खोटं बोललो. तिने जिन्यात उभं राहून किल्ली मागितली आणि मी माझ्या दिमाखापायी दिली नाही. माझ्या जागी, माझ्या गिऱ्हाइकांच्या तोंडासमोर ती अठरा दिवस बसली आणि मी आत बसून कुढत होतो की माझा धंदा नेला. मला रडू आलं. आवरलं नाही, आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मी म्हटलं, "ताई, तुझे हात माझ्यामुळे गेले."

"कुणाला ठाऊक कशामुळे गेले," ती म्हणाली. "चिमटा घे. डोळे पूस आधी, नाहीतर दिसणार नाही."

मी डोळे पुसले आणि भिंग लावलं. ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली आणि सांगू लागली. खाली. अजून थोडं. टेकला का? टेकला. आता उजवीकडे फिरव, हळू, अर्धाच फेरा.

मी फिरवला.